काचेची हळद

"शून्य," काळ्या पडद्याच्या पलीकडून बाबालाल म्हणाला.

"नीट बघा."

"नीटच बघतोय की. काटा तळाला जाऊन बसलाय, शालनताई. चुलीपाशी मांजर निजावं तसा."

"तिसऱ्या मिनिटाला?"

"आता मिनिट तुमचं तुमी मोजताय. मला काय ठावं? तुमी 'हं' म्हटलासा, मी बघितलं. शून्य."

मी अंधारात तशीच बसून राहिले. डावा हात दिव्याच्या झाकणावर, उजवा मांडीवर. खोली कसली, दोन कपाटांच्या मागे काळं कापड ठोकून केलेला कोनाडा होता तो. आडवं निजायचं म्हटलं तर पाय बाहेर आले असते. पंखा नाही, वाऱ्यानं तारा हलतात म्हणून. खिडकी होती, तिलाही कापड. मे महिन्याची भर दुपार. कुणी चुकून आत येऊन उजेड करू नये म्हणून बाबालालनं प्रयोगशाळेच्या दाराला कडी घातलेली. अमोनियाचा वास, घामाचा वास आणि आपल्याच श्वासाचा आवाज, एवढंच काय ते सोबतीला. पाच वर्षं मी त्या कोनाड्यात बसत होते. काही वेळा वाटायचं, एक दिवस बाबालाल कडी काढायला विसरेल आणि मला ते कळणारही नाही.

तिसऱ्या मिनिटाला शून्य यायला नको होतं. अडतीस यायला हवं होतं, फार तर चाळीस. पाच वर्षं तेच येत होतं. त्याच्यावर माझा प्रबंध उभा होता. बांधणी होऊन आलेल्या पाच प्रती वर्तमानपत्रात गुंडाळून कपाटात ठेवलेल्या होत्या आणि शनिवारी दुपारी एकच्या आत त्या विद्यापीठाच्या कचेरीत द्यायच्या होत्या. दोनदा मुदत वाढवून घेतली होती. तिसऱ्यांदा मिळणार नव्हती. आज बुधवार होता.

"पुन्हा घेऊ," मी म्हटलं.

"घ्या की. मी कुठं चाललोय? कडी तर मीच घातलीया."

माझ्यासमोर बोटभर रुंदीची काचेची पट्टी होती. तिच्यावर पिवळा पापुद्रा, कॅडमियम सल्फाइडचा. क्षारांच्या कोमट पाण्यात काच उभी करून ठेवली की तासाभरात ती रंग धरते. आधी लिंबाच्या सालीसारखा, मग हळदीसारखा. आमच्याकडे सगळे त्याला हळदच म्हणत. बाबालाल आमचा प्रयोगशाळा-परिचर, सातवी शिकलेला, पण त्याच्याइतका अचूक काटा वाचणारा माणूस साऱ्या विभागात नव्हता. त्याचा रोजचा प्रश्न ठरलेला असे. "काय ओ शालनताई, काचेला हळद लागली, तुमाला कवा?" आणि माझं उत्तरही ठरलेलं: "आधी काचेचं वऱ्हाड जाऊ दे, मग माझं."

त्या हळदीचा गुण असा, की अंधारात ती विजेला वाट देत नाही. दार लावून बसते. उजेड पडला की दार उघडतं, वीज वाहू लागते. उजेड काढून घेतला की दार पुन्हा लागायला हवं. आणि इथंच आमच्या सरांचा शोध होता. डॉ. उपळेकरांनी एकोणीसशे बासष्ट साली याच कोनाड्यात बसून दाखवून दिलं होतं, की आमच्या पद्धतीनं केलेल्या पापुद्र्यात हे दार लगेच लागत नाही. दिवा झाकल्यावरही प्रवाह कितीतरी वेळ रेंगाळत राहतो, हळूहळू उतरतो. सर म्हणत, पापुद्र्याच्या आत सापळे असतात. उजेडानं सुटे झालेले कण त्यांत पडतात, अडकतात आणि एकेक करून सावकाश सुटतात. आलेखावर त्या रेंगाळण्याची लांब शेपटी उमटते. परदेशी पत्रिकेत सरांचा तो लेख छापून आला, तेव्हापासून मुलं तिला 'उपळेकरांची शेपटी' म्हणत. त्या शेपटीवर माझ्याआधी तिघांनी पदवी घेतली होती. मी चौथी.

मोजायची रीतही सरांनीच घालून दिलेली. आतला माणूस डाव्या हातानं दिव्याचं झाकण धरून पट्टीशी बसे. झाकण पाडलं की दर वीस सेकंदांनी 'हं' म्हणे. बाहेरचा माणूस प्रवाह दाखवणाऱ्या काट्यावरची नजर न हलवता आकडा सांगे आणि लिही. वेळ आतल्यानंच मोजायची, कारण बाहेरच्यानं घड्याळाकडे पाहिलं तर काटा निसटतो. अंधारात वेळ दिसावी म्हणून सरांचं घड्याळ होतं. लष्कराच्या जुन्या सामानाच्या बाजारात त्यांनी ते घेतलं होतं, मोठ्या तबकडीचं, आकड्यांवर आणि काट्यांवर रेडियमचा रंग. नवा विद्यार्थी घेतला की सर स्वतःच्या मनगटावरून काढून ते त्याच्या मनगटाला बांधत. पदवी झाली की घड्याळ परत. विभागात कुणाला सरांनी घेतलं का, असं विचारायचं असेल तर लोक विचारत, "घड्याळ मिळालं का?" मला मिळालं तेव्हा ते इतकं सैल होतं, की बाबालालनं दाभणानं पट्ट्याला दोन भोकं पाडून दिली होती.

सोमवारी त्याची कमान तुटली. बाबालालनं ते बाजारात दुरुस्तीला टाकलं. प्रबंध तयारच होता. पण पुढच्या आठवड्यात मुंबईचे कुणी पाहुणे येणार होते, त्यांना दाखवायला एक ताजी पट्टी मोजून ठेव, असं सर म्हणाले होते. घड्याळ नाही म्हणून हात बांधून कशाला बसायचं? मी आईची आठवण केली. आई जात्यावर बसली की तिच्या ओवीची लांबी ठरलेली असे. घास टाकायचा, एक चरण म्हणायचा, दुसरा चरण घोळवून घोळवून म्हणायचा, तोवर घास सरतो. कचेरीतल्या भिंतीवरच्या घड्याळासमोर उभं राहून मी तिची ओवी म्हणून बघितली. वीस सेकंद. दहादा म्हटली, दहाही वेळा वीस.

जात्याला घास देते, जातं काही बोलंना,
मनातलं गुज माझ्या मनातनं हालंना.

आता पुन्हा झाकण उघडलं, पिवळ्यावर उजेड पडू दिला, झाकण पाडलं आणि ओवी धरली. पहिल्या 'हं'ला बाबालाल म्हणाला, "सहा." दुसऱ्याला, "एक." तिसऱ्याला काही बोललाच नाही.

"बाबालाल?"

"काय बोलू? शून्याला दर खेपेला शून्य म्हणायचं व्हय?" मग म्हणाला, "ताई, तुमी गाताय म्हणून तर न्हाई ना? गाणं ऐकून निजली आसंल पोर."

मला हसू आलं नाही. पट्टी बिघडली असावी म्हणून दुसरी लावली, मग तिसरी. प्रबंधात जिचे आकडे आहेत ती जुनी पट्टीही लावली. सगळ्या हळदी दिवा झाकताच गुमान दार लावून निजत होत्या.

गुरुवारी घड्याळ दुरुस्त होऊन आलं. मी ते मनगटावर चढवलं, आत गेले, झाकण पाडलं.

"हं."

"बावन्न," बाबालाल म्हणाला.

"हं."

"अठ्ठेचाळीस. आली की शेपटी! मी म्हणलं नव्हतं? गाण्यानंच."

मी अंधारात खाली पाहिलं. डावा हात झाकणावर होता. त्याच्या खाली चार बोटांवर पट्टी. आणि मनगटावर, तिच्या अगदी तोंडाशी, बारा हिरवे आकडे. पाच वर्षं मी ते आकडे बघत होते. वेळ किती झाली एवढंच बघत होते.

मी पदर ओढून मनगटावर घेतला.

"आता किती?"

"ताई, हं म्हणायच्या आधी इचारू नका, गोंधळ हुतो... अरेच्या. पडला की. नऊ. चार."

पदर काढला.

"चढला. तीस... सदतीस. काय करताय आत तुमी?"

मी हात जवळ नेला, काटा चढला. लांब नेला, उतरला. पाठीमागे लपवला, निजला. तबकडी दिव्याखाली घटकाभर धरून मग जवळ नेली, तर बाबालाल ओरडलाच, "सत्तर!" मग ती पट्टीजवळच धरून ठेवली. आकडा एकेक उतरत गेला. सत्तर, एकसष्ट, पंचावन्न. आमच्या आलेखातल्यासारखाच. किती वेळ मी हे करत होते कोण जाणे. घड्याळ मनगटावर असूनही वेळ बघायचं भान नव्हतं.

बाहेर आले तेव्हा बाबालालनं माझ्याकडे पाहिलं आणि न विचारता माठातलं पाणी दिलं.

"काय झालं?"

"हळद खरी आहे," मी म्हटलं. "घड्याळ खोटं आहे."

तो वहीकडे बघत राहिला. मग म्हणाला, "म्हंजे ह्या पोरीच्या पोटात काय न्हाई. उजेड गेला की निजती. आनि आपुन इतकी वरसं तिच्या नावानं..."

सरांना सांगायला मी शुक्रवारची दुपार घेतली. गुरुवारी संध्याकाळी त्यांच्या खोलीपर्यंत दोनदा जाऊन परत आले. हेच सर एसटीनं आमच्या गावी आले होते, घोंगड्यावर बसून भाकरी-आमटी जेवले होते आणि वडिलांना म्हणाले होते, "पाच वर्षं मुलगी मला द्या." वडील गेले तेव्हा तेराव्याला आले होते. गावच्या कॉलेजात माझ्यासाठी नोकरीची जागा धरून ठेवायला सांगणारेही तेच. थोरल्या भावाचं पत्र माझ्या पिशवीत होतं: रविवारी जीप घेऊन येतो, सामान बांधून ठेव, आता एक दिवस जास्त नाही.

सर पेपर तपासत होते. मी उभ्यानंच सगळं सांगितलं. ते हसले.

"शालन, शेवटच्या आठवड्यात प्रत्येकाला असं होतं. माझ्या पहिल्या विद्यार्थ्याला वाटायचं, भिंतीतून उजेड झिरपतोय. भिंतीतून!"

"सर, तुम्ही एकदा आत बसा."

त्यांनी पेन टोपणात घातलं. "चल."

ते आत गेले, घड्याळ मी त्यांना दिलं, पडदा पाडला. मी आणि बाबालाल बाहेर. दाराला कडी.

"हं," आतून सर म्हणाले.

"पन्नास," बाबालाल.

"हं."

"सेहेचाळीस."

"ठीकच आहे की," सर म्हणाले. "हं."

"त्रेचाळीस."

"सर," मी म्हटलं, "आता घड्याळ काढून खिशात घाला."

आतून काहीतरी सरकल्याचा आवाज आला. बाबालालनं काट्याकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे. आकडा सांगावा की नाही, असं विचारणारी नजर.

"वाचा ना," सर म्हणाले.

"शून्य हाय, सर."

मग बराच वेळ आतून 'हं' आला नाही. काटा मात्र हलत होता. चढायचा, पडायचा, चढायचा. सर आत तेच करत होते, जे मी केलं होतं. बाबालाल आकडे सांगत राहिला. सांगता सांगता त्याचा आवाज इतका बारीक झाला, की शेवटी तो स्वतःशीच बोलत असावा.

"पडदा उघडू नकोस," सर म्हणाले.

"नाही, सर."

"या रंगात जस्ताचं सल्फाइड असतं." ते वर्गात शिकवावं तसं बोलत होते, सावकाश, प्रत्येक शब्द सुटा. "रेडियमनं ते चमकतं. पण त्यावर दिव्याचा उजेड पडला की तोही ते पिऊन घेतं आणि मग हळूहळू सोडतं. झाकण उघडं असताना हात दिव्याखाली असायचा. झाकण पाडलं की हा रंग आपला उजेड सोडत बसायचा. तो जसा विझत जाईल तसा काटा उतरायचा." मग म्हणाले, "सापळे होते, शालन. ते काचेत नव्हते. माझ्या मनगटावर होते. सोळा वर्षं मी या रंगाची आठवण मोजली."

"कुणाकुणाला ठाऊक आहे?"

"मला. आणि बाबालालना."

"मला काय कळतंय, सर?" बाबालाल पटकन म्हणाला. "मी आपलं आकडे वाचतो."

"मग उद्या प्रबंध दे. आहे तसा."

"सर..."

"ऐक. माझ्यावर तिघांचे संसार आहेत. एक प्राचार्य झालाय, एकाची मुलगी लग्नाची आहे. त्यांच्या पदव्या आता मी काढून घेऊ? आणि तुझी नोंदणी उद्या एकला संपते. पाच वर्षं गेली तुझी. जूनमध्ये मी स्वतः लिहीन. सगळं. माझ्या एकट्याच्या नावानं."

"लिहाल, सर?"

पडद्यामागून नुसता श्वास ऐकू येत होता, त्या कोनाड्यात बसलेल्या कुणाचाही ऐकू येई तसा. मग म्हणाले, "चूक माझी आहे. तुला का अडकवू मी? जा तू. बाबालाल, तिच्यासाठी कडी काढा."

बाबालालनं कडी काढली. मी बाहेर पडले, पण बाहेर आल्यासारखं वाटलं नाही. व्हरांड्यातलं ऊन डोळ्यांत शिरलं आणि मी भिंतीला हात लावत चालत राहिले.

शनिवारी सकाळी वसतिगृहाच्या खोलीत पाचही प्रती पुढ्यात घेऊन बसले. प्रत्येक प्रतीच्या पहिल्या पानावर घोषणापत्र असतं, विद्यार्थ्याच्या सहीचं. या प्रबंधातील निरीक्षणे मी स्वतः घेतली असून ती माझ्या माहितीप्रमाणे खरी आहेत. पेनाचं टोपण काढलं. पहिल्या प्रतीवर 'शा' लिहिला. 'ल' लिहायला हात उचलला, तो तिथंच राहिला. खालच्या अंगणात बायका धुणं आपटत होत्या. दहा-बारा आपट्यांनंतरही माझा हात तसाच होता.

मग मी कोरे कागद घेतले. प्रबंधाला शुद्धिपत्र जोडायची सोय असते. टंकलेखनाच्या चुका राहतात त्यांच्यासाठी एक चिठ्ठी चिकटवायची. मी पाच चिठ्ठ्या लिहिल्या. इंग्रजीत लिहिल्या, मराठीत सांगायचं तर अशा: 'चौथ्या प्रकरणातील मंद ऱ्हास हा पापुद्र्याचा गुणधर्म नाही. प्रयोगशाळेतील घड्याळाच्या तबकडीचा उजेड पापुद्र्यावर पडत असल्याने तो दिसून आला. सबब या प्रकरणातील सर्व निष्कर्ष रद्द समजावेत.' आणि मग पाचही घोषणापत्रांवर सह्या केल्या.

कचेरीच्या खिडकीत सदलगे म्हणून कारकून होते. त्यांनी प्रती मोजल्या, शिक्के तपासले, चिठ्ठ्या पाहिल्या न पाहिल्या आणि परत सरकवल्या.

"शुद्धिपत्रावर मार्गदर्शकांची सही लागते, बाई. नियम आहे."

"नसली तर?"

"तर शुद्धिपत्राशिवाय द्या. प्रती चालतील."

अकरा वाजले होते. मी प्रती तिथेच ठेवून चिठ्ठ्या घेतल्या आणि विभागाकडे निघाले. सर कुठं सापडतील, सापडले तर मी काय म्हणेन, काहीच ठरवलं नव्हतं. नुसती चालत होते. चपलेचा अंगठा तुटला, तशी ती हातात घेतली.

प्रयोगशाळेला आतून कडी होती. ठोठावलं. बाबालालनं दार फटीएवढं उघडलं, तोंडावर बोट ठेवलं, मला आत घेतलं आणि पुन्हा कडी घातली. पडद्यामागून आवाज येत होता. सरांचा.

"एकोणतीस एके एकोणतीस, एकोणतीस दुणे अठ्ठावन्न, एकोणतीस त्रिक सत्त्याऐंशी..."

"सकाळी सातपासनं," बाबालाल कानाशी म्हणाला. "समदे पाढे झाले. साडेतिनाची औटकी बी झाली."

"एकोणतीस दाही दोनशे नव्वद. हं."

"शून्य," बाबालालनं सांगितलं आणि वहीत लिहिलं.

टेबलावर एक लाकडी पेटी उघडी होती. आत कापसात ठेवलेल्या काचेच्या पट्ट्या, प्रत्येकीवर सरांच्या बारीक अक्षरातली तारीख. बासष्ट, त्रेसष्ट, पासष्ट. त्यांच्या लेखातल्या पट्ट्या. बाबालालनं वही माझ्यापुढे धरली. एका रकान्यात तारखा, दुसऱ्यात आकडे. सोळा ओळी. दुसरा रकाना वरपासून खालपर्यंत गोल गोल.

"सर," तो पडद्याला म्हणाला, "शालनताई आल्यात."

पडदा बाजूला झाला. सरांचा बुशशर्ट घामानं अंगाला चिकटला होता, डोळे उजेडानं बारीक झाले होते. रोजचं घड्याळही काढून ठेवलेलं, मनगट उघडं होतं आणि तिथली कातडी पट्ट्याएवढी पांढरी, लहान मुलाच्या अंगासारखी दिसत होती. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, माझ्या हातातल्या चपलेकडे पाहिलं.

मी चिठ्ठ्या पुढे केल्या. "सही लागते म्हणाले."

ते स्टुलावर बसले. चष्मा पुसला. एक चिठ्ठी वाचली, पुन्हा वाचली. ज्या हातानं माझ्या प्रबंधाचं पानन् पान तपासलं होतं, त्याच हातानं त्यांनी खिशातून लाल पेन काढलं आणि 'प्रयोगशाळेतील' हा शब्द खोडला. त्यावर लिहिलं: 'मार्गदर्शकाच्या'. पाचही चिठ्ठ्यांवर तसंच केलं. मग निळं पेन काढून सह्या केल्या. शेवटच्या चिठ्ठीवरची शाई वाळेपर्यंत ती हातातच धरून ठेवली.

"त्या तिघांना मी आज पत्रं टाकतो," ते म्हणाले. "तुझ्या भावाला काय सांगायचं ते..."

"ते मी सांगेन, सर."

"बारा वाजत आले. पळ." मी दारापाशी गेले तेव्हा मागून म्हणाले, "बाबालाल, ती चप्पल शिवून द्या आधी तिची."

"तेवढा वेळ कुठाय, सर?" बाबालाल म्हणाला आणि स्वतःच्या वहाणा काढून माझ्यापुढे सरकवल्या.

त्या वहाणा फटफटत मी कचेरीत पोचले. खिडकीपुढे आता रांग होती. माझा नंबर आला तेव्हा सदलग्यांनी चिठ्ठी घेतली आणि या वेळी ती खरोखर वाचली. चष्मा कपाळावर चढवून दुसऱ्यांदा वाचली. मग मान वर करून माझ्याकडे पाहिलं.

"बाई, तेवीस वर्षं मी या खिडकीत आहे. शुद्धिपत्रात स्पेलिंग असतं. पान अमुक, ओळ तमुक. अख्खं प्रकरण शुद्धिपत्रात घातलेलं मी पाहिलं नाही."

"नियम आहे का तसा?"

"नियम नाही. पण हे लागलं की प्रबंध परत येणार, हे मी इथं बसून सांगतो." ते पुढे वाकले, आवाज खाली आला. "अजून चिकटवलेलं नाही. दुमडून पर्समध्ये घाला. मी पाहिलं नाही. चौथं प्रकरण वाचतं कोण हो?"

ते भलेपणानं सांगत होते. त्या तीन दिवसांत मला ज्यांनी ज्यांनी अडवलं, ते सगळे भलेपणानंच अडवत होते. माझ्यामागे रांगेत कुणीतरी खाकरलं. चार महिन्यांनी प्रबंध खरंच परत येणार होता. गावच्या कॉलेजातली जागा दुसऱ्याला जाणार होती, पदवीला अजून तीन वर्षं लागणार होती, सर पुन्हा कुणालाही विद्यार्थी म्हणून घेणार नव्हते आणि त्या तिघांपैकी एक जण त्यांच्या अंत्ययात्रेलाही येणार नव्हता. त्या खिडकीत मला यातलं काहीच ठाऊक नव्हतं असं नाही. बरंचसं ठाऊक होतं.

"डिंक आहे का?" मी विचारलं.

सदलग्यांनी टेबलाखालून बाटली काढून माझ्यापुढे ठेवली. झाकण वाळलेल्या डिंकानं घट्ट बसलं होतं. मी दोनदा फिरवून पाहिलं, पदरानं धरून फिरवलं, हलेना. त्यांनी हात पुढे केला, बाटली परत घेतली आणि स्वतःच्या शर्टाच्या टोकात झाकण धरून जोर लावून ते उघडून दिलं.